पाण्यातील जड धातू आणि प्रकाशाची साक्ष



आपल्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ शाळेने चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानात दिवंगतांचे गुणवर्णन करावे, अशी रीत आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकविले त्यांचे स्मरण करायचे, तर एखादा प्रश्न नीट मांडावा आणि त्याचे उत्तर आज कुठवर आले आहे ते पारखून पाहावे, हेच मला अधिक उचित वाटते. म्हणून मी आज आपल्या दाराशी असलेला प्रश्न निवडला आहे. पाण्यात विरघळलेले जड धातू प्रकाशाच्या साहाय्याने कसे ओळखता येतात, आणि ही विद्या सिल्वासासारख्या गावाच्या कितपत उपयोगी पडेल, हा तो प्रश्न होय.

आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. एवढ्याशा प्रवासात ती महाराष्ट्र, गुजरात आणि आपला प्रदेश अशा तीन सत्तांच्या हद्दींतून वाहते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, तेव्हा हा मुलूख शेतीचा आणि जंगलाचा होता. १९६५ साली पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मसाट, खडोली अशी नावे तिला जोडली गेली. कृत्रिम धागा, प्लॅस्टिक, तारा, रसायने यांच्या कारखान्यांनी येथे हजारो हातांना काम दिले. आज या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरची चूल त्यावर पेटते. हे विसरून बोलणे कृतघ्नपणाचे होईल. त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांची तपासणी केली, तेव्हा आपल्या शेजारचे, याच नदीकाठचे वापी ८८.०९ गुणांक घेऊन अंकलेश्वरच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होते. हा क्रम भूषणावह नव्हे. अशा खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने आपल्या पेल्यातील पाण्याविषयी प्रश्न विचारला, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

हा प्रश्न डोळ्यांनी किंवा जिभेने सुटेल काय? आपल्या भाषेत ‘कळकणे’ असे एक मार्मिक क्रियापद आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थ भांड्यातील तांबे विरघळवितो आणि जिभेला ती विशिष्ट, मळमळ आणणारी चव कळते. येथे आपली जीभ हीच धातू ओळखणारे उपकरण झाली. आपल्या आज्यांनी या उपकरणाच्या बळावर घराण्यांची प्रकृती सांभाळली. दुर्दैव असे की, या उपकरणाला तांबे कळते. पण पिण्याच्या पाण्यात जेवढे शिसे, कॅडमियम किंवा पारा घातक ठरतो, तेवढ्याची चव, वास वा रंग मुळीच जाणवत नाही. स्फटिकासारखे स्वच्छ पाणीही या बाबतीत निर्दोष असेलच असे नाही.

घातक प्रमाण म्हणजे किती, ते पाहू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. आकडे लहान असले की मनावर ठसत नाहीत; म्हणून दुसऱ्या रीतीने सांगतो. गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. ती काठोकाठ भरली आणि तिच्यात दहा मिलिग्रॅम शिसे मिसळले, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या निम्म्याहून कमी वजनाचे, तर ते पाणी मर्यादेच्या रेषेवर येऊन उभे राहते. आणि शिशाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना याहूनही पुढे जाऊन सांगते की, निर्धोक म्हणता येईल अशी त्याची कोणतीही पातळी आजवर आढळलेली नाही. त्याचा पहिला आघात वाढत्या मुलांच्या मेंदूवर होतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तेथून निम्मे बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे हा हिशोब आजच्या एका पेल्याचा नसून रोजच्या पेल्यांच्या बेरजेचा आहे.

एवढा सूक्ष्म अंश मोजणारी यंत्रे विज्ञानाजवळ आहेत. १९५५ साली ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी आणवीय शोषणाची पद्धत मांडली. पाण्याचा नमुना ज्योतीत फवारायचा आणि धातूचे अणू त्यांच्या ठरावीक रंगाचा प्रकाश किती गिळतात ते मोजायचे, असे तिचे स्वरूप. आज त्याहून संवेदनक्षम यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत आहेत आणि त्यांचा निर्णय अखेरचा मानला जातो. पण त्यांना वातानुकूलित खोली लागते, शुद्ध वायू लागतात, प्रशिक्षित माणूस लागतो. नमुना बाटलीत भरायचा, आम्ल घालून टिकवायचा, शहरात धाडायचा आणि अहवालाची वाट पाहायची. अहवाल हाती येईतो नदीतील ते पाणी समुद्राला मिळालेले असते. म्हणून शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत असा ध्यास घेतला की, यंत्रापाशी पाणी नेण्याऐवजी पाण्यापाशी परीक्षक न्यावा. या परीक्षकाला प्रकाशीय रासायनिक संवेदक म्हणतात. आपण सोयीसाठी ‘सेन्सर’ म्हणू.

त्याचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो. मोरचुदाच्या फिक्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळाई उमटते, हा प्रयोग याच शाळेच्या प्रयोगशाळेत आपण केला असेल. तांब्याचा आयन अमोनियाच्या रेणूंना कवटाळतो आणि त्या मिठीची वार्ता रंग आपल्याला देतो. सेन्सरची तीन अंगे यातच आली. धातूला ओळखणारा रेणू हे पहिले अंग. ती ओळख प्रकाशात उतरविणारा दीप किंवा रंग हे दुसरे. आणि तो प्रकाश वाचणारा डोळा हे तिसरे.

या विद्येचा इतिहास जुना आहे. १८६७ साली गोपेल्सरोडर या शास्त्रज्ञाला असे आढळले की, मोरिन नावाचे वनस्पतिजन्य पिवळे रंगद्रव्य ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात हिरवट चकाकते. या चकाकण्याला फ्लुओरेसन्स किंवा प्रतिदीप्ती म्हणतात. पदार्थाने एका रंगाचा प्रकाश घ्यावा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यावा, असा हा व्यवहार आहे. १८७८ साली एमिल फिशर यांनी डायथिझोन हे संयुग तयार केले. त्याचा पृथक्करणासाठी उपयोग मात्र १९२५ मध्ये हेल्मुट फिशर यांनी दाखविला. डायथिझोनचे हिरवे द्रावण शिशाला भेटले की लाल होते. पुढे कित्येक दशके शिसे मोजण्याचा हाच मार्ग होता.

खरी अडचण ओळखीची आहे. मर्यादेच्या रेषेवरील पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये शिशाचे सुमारे तीस लाख कोटी आयन असतात. वजनाने नगण्य असले तरी संख्येने ते थोडे नाहीत. प्रत्येकाने एक दिवा लावला तर प्रकाश दिसायला हरकत नाही. परंतु त्याच पाण्यात कॅल्शियम लिटरला ७५ मिलिग्रॅम असेल, तर शिशाच्या प्रत्येक आयनामागे कॅल्शियमचे जवळजवळ ३९ हजार आयन उभे असतात. एवढ्या गर्दीतून नेमका एक हुडकायचा आहे. यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी धातूंच्या आवडीनिवडींचा अभ्यास केला. १९६३ साली पीअर्सन यांनी आयनांचे ‘कठीण’ आणि ‘मृदू’ असे वर्गीकरण मांडले. कठिणाची कठिणाशी आणि मृदूची मृदूशी सोयरीक जुळते. कॅल्शियम ऑक्सिजनकडे ओढ घेते, तर पारा गंधकाकडे. आपल्या रसशास्त्राच्या जाणकारांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक होते. खलात पारा व गंधक एकत्र घोटले की काळीभोर कज्जली तयार होते आणि चंचल पारा बांधला जातो. आज पाऱ्याचा सेन्सर रचणारा शास्त्रज्ञ आपल्या रेणूत गंधकाचे अणू बसवितो, तेव्हा तो त्याच ओढीचा उपयोग करीत असतो.

ओढीला आकाराची जोड लागते. १९६७ साली चार्ल्स पेडरसन यांनी मुकुटासारखी वर्तुळाकार संयुगे तयार केली. त्या वर्तुळात नेमका बसेल तोच आयन धरला जातो. या कार्याबद्दल त्यांना क्रॅम आणि लेन यांच्यासमवेत १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेल्याच्या आकाराचे कॅलिक्सारीन नावाचे रेणूही असेच कामाला आले. मुंबईत पवईच्या आय. आय. टी. मध्ये चेब्रोलू पुल्ला राव यांच्या गटाने या पेल्यांना निरनिराळे हात जोडून धातूंचे आयन ओळखणारे अनेक रेणू रचले. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर हे काम झाले आहे, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

ओळख पटल्यावर दिवा कसा लागतो, हेही पाहण्यासारखे आहे. मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्ट येथे काम केलेले प्रसन्न डी सिल्व्हा यांनी विकसित केलेली कल्पना मी सोपी करून सांगतो. एका रेणूत एका टोकाला दीप आणि दुसऱ्या टोकाला धातू धरणारी नायट्रोजनची जागा अशी रचना असते. एरवी नायट्रोजनकडील मोकळ्या जोडीतील एक इलेक्ट्रॉन, उद्दीपित झालेल्या दीपाकडे उडी घेतो आणि दीप विझवितो. धातूचा आयन आला की तो ती इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे गुंतवून ठेवतो. उडी थांबते आणि दीप उजळतो. दुसरा मार्ग १९९७ साली झार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यासाठी दाखविला. ऱ्होडामीन या रंगाचा रेणू आधी मिटवून रंगहीन करून ठेवायचा; तांबे भेटले की रासायनिक क्रिया होऊन तो उघडतो आणि गुलाबी प्रकाशाने झळकतो. मात्र हा दिवा एकदाच पेटतो, काडेपेटीतील काडीसारखा. तिसरा मार्ग जीवशास्त्रातून आला. २००० साली इलिनॉय विद्यापीठात यी लू आणि जिंग ली यांनी शिशाच्या उपस्थितीतच कात्रीसारखा चालणारा डी. एन. ए. चा तुकडा वापरला. शिसे आले की धागा कापला जातो आणि त्यावर बांधलेला दीप विझविणाऱ्यापासून मोकळा होऊन प्रकाशतो.

हे रेणू परीक्षानळीतून नदीत नेण्याचे श्रेय प्रकाशीय तंतूंना आहे. योगायोग असा की, ज्या १९५४ साली सिल्वासा मुक्त झाले, त्याच वर्षाच्या जानेवारीत हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपले नरिंदर सिंग कपानी यांचा काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७५ साली ल्यूबर्स आणि ओपिट्झ यांनी ‘ऑप्टोड’ ही संज्ञा रूढ केली. तंतूच्या टोकाला रंगरेणू मुरविलेला पातळ पापुद्रा बसवायचा, ते टोक पाण्यात बुडवायचे, एका बाजूने प्रकाश सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. आता तर कागदाच्या पट्टीवर उमटलेला रंग मोबाईलचा कॅमेरा वाचू शकतो. म्हणजे तिसरे अंग, तो वाचणारा डोळा, प्रत्येकाच्या खिशात आलेला आहे.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की, आता प्रश्न मिटला. पट्टी आणावी, बुडवावी आणि निश्चिंत व्हावे. या ठिकाणी आपल्याला सावध करणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘काही दिसले नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पाऱ्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. एखादी पट्टी वीस मायक्रोग्रॅमपासून पुढेच रंग बदलत असेल, तर मर्यादेच्या दहापट दूषित पाण्यातही ती शांत राहील आणि आपण तिच्या शांततेला प्रमाणपत्र समजू. दुसरी गोष्ट, परके आयन. तांबे आणि पारा हे दोघेही अनेक दीप विझवितात. म्हणून दीप विझला एवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही. तिसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. आषाढात दमणगंगा गढूळ होऊन वाहते, तेव्हा मातीचे कण प्रकाश अडवितात आणि विखुरतात. शिवाय कित्येक धातू त्या मातीलाच चिकटून बसलेले असतात. सेन्सरला बहुधा सुटा, विरघळलेला आयनच दिसतो. गाळावर बसलेला धातू त्याला दिसत नाही. प्रयोगशाळा आम्लाने सारे विरघळवून एकूण धातू मोजते. दोघांचे आकडे भिन्न आले, तर दोघांपैकी एक खोटा असेलच असे नाही. त्यांनी निराळ्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात.

चौथी गोष्ट, शिसे नेहमी नदीतूनच येते असे नाही. नळाच्या पितळी तोट्या, जुने डाग, शिसेयुक्त स्थिरक वापरलेले पी. व्ही. सी. चे पाइप यांतूनही ते उतरते. पाइपांतील या स्थिरकावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ साली काढले. परंतु त्यापूर्वी भिंतीत गाडले गेलेले पाइप जागच्या जागीच आहेत. रात्रभर तोटीत उभे राहिलेले पहाटेचे पहिले पाणी आणि पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचे पाणी असे दोन नमुने घेतले, तर दोष नदीचा की नळाचा, याचा बराच उलगडा होतो. कारखान्याकडे बोट दाखविण्यापूर्वी ही तपासणी करणे न्यायाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जपानमधील मिनामाता येथे १ मे १९५६ रोजी एका अनोळखी मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. ती नोंद करणारे डॉक्टर हाजिमे होसोकावा हे तेथील चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते. १९५९ साली त्यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न ४०० क्रमांकाच्या मांजराला दिले आणि त्या मांजराला तोच विकार जडला. प्रयोगाचे फलित मात्र बाहेर येऊ दिले गेले नाही. पारायुक्त सांडपाणी हेच कारण असल्याचे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले. शंका आणि मान्यता यांच्यामध्ये बारा वर्षे गेली, आणि त्या बारा वर्षांची किंमत मासे खाणाऱ्या गरीब कोळी कुटुंबांनी आणि त्यांच्या गर्भातील मुलांनी मोजली. मिनामातात साधनांचा तुटवडा होता हे खरे. पण १९५९ नंतर तुटवडा होता तो उघडपणाचा. ज्याला उत्तर ठाऊक होते, ते उत्तर त्याच्या कपाटात बंद राहिले.

म्हणून सेन्सरचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे मोल त्याच्या सूक्ष्मतेत नाही. सूक्ष्मतेत प्रयोगशाळेचे यंत्र त्याच्या पुढेच राहील. त्याचे मोल यात आहे की, मोजण्याचा अधिकार तो अनेकांच्या हाती देतो. अनेकांनी मोजलेली आणि उघड्यावर लिहिलेली गोष्ट एका कपाटात बंद करता येत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याचे धोरण आखले, त्यामागे हाच विचार आहे. त्या संचांत आम्लता, क्षार, लोह, फ्लुओराइड, नायट्रेट अशा चाचण्या असतात. शिसे आणि पारा यांच्या चाचण्या सहसा नसतात. ही उणीव भरून काढणे हे प्रकाशीय सेन्सरांचे पुढील काम होय.

या शाळेपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. शाळेने ‘पाण्याची वही’ सुरू करावी. नदीचा एक घाट, एक हातपंप आणि शाळेतील एक नळ अशा तीन जागा कायमच्या ठरवाव्यात. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी विद्यार्थ्यांनी तेथील पाणी तपासावे. प्रत्येक वेळी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याचा एक नमुना आणि शिक्षकांनी ज्ञात प्रमाणात धातू मिसळलेला एक नमुना सोबत तपासावा. म्हणजे पट्टी खोटे बोलते की काय, ते त्याच दिवशी कळेल. प्रत्येक नमुना दोनदा तपासावा. दर दहा नमुन्यांतील एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि तिचा आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहावा, जुळला तरी आणि न जुळला तरी. धातूंची द्रावणे शिक्षकांनीच हाताळावीत. वापरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावे. नदी तपासण्याच्या निमित्ताने तिच्यात विष ओतणे शोभणार नाही.

ही वही कोणावर खटला भरण्यासाठी नाही. एखाद्या महिन्यात रंग बदलला, तर आरडाओरडा न करता आधी पुन्हा मोजावे, मग प्रयोगशाळेची साक्ष काढावी आणि नंतर प्रदूषण नियंत्रण समितीकडे आकड्यांसह जावे. आणि वर्षानुवर्षे रंग बदलला नाही, तर तीही बातमी तेवढ्याच ठळकपणे सांगावी. कारण कारखान्यात इमानाने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या माणसालाही साक्षीदार हवा असतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे उद्योगांत मोठ्या जागांवर आहेत, त्यांनी या वहीला कागद, पट्ट्या आणि प्रयोगशाळेचे शुल्क पुरवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. एखाद्या महिन्याची नोंद त्यांच्याच कारखान्याला अडचणीची वाटली, तरी त्यांनी हात आखडता घेऊ नये. देणगीची कसोटी त्या महिन्यात लागेल.

विद्यार्थी मित्रहो, रेणूची रचना, प्रकाशाचे शोषण, इलेक्ट्रॉनाची उडी हे सारे तुम्हाला पुढे पुस्तकांत सविस्तर भेटेलच. मोजण्याची शिस्त मात्र आजपासून लावून घेता येते. जे मोजले तेच लिहावे, लिहिलेले खोडू नये, आणि मोजमापाची मर्यादा आकड्याच्या शेजारी नोंदवावी. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात फळ्यावर लिहिलेल्या कोणत्याही सूत्राहून ही शिस्त दीर्घकाळ टिकणारी आहे.